मापसाहेबांची तार

मापसाहेबांना कुणाचीच तार पसंत नव्हती. तार म्हणजे कपडे वाळत घालायची नव्हे, हौशी रेडिओवाल्यांची. घरात एक सेट, छपरावर एक तार, आणि त्या तारेच्या जोरावर दूर कुठेतरी बसलेल्या तसल्याच दुसऱ्या वेड्याशी गप्पा, असा तो छंद. सेट काय, विकत मिळतो. तार मात्र ज्याची त्यानं बांधायची, आणि म्हणून माणसाची लायकी त्याच्या तारेवरून ओळखावी, असं मापसाहेबांचं म्हणणं. म्हणणं झकास होतं. फक्त त्यांच्या स्वतःच्या छपरावर अकरा वर्षं काही म्हणजे काही नव्हतं.

मापसाहेब हे नाव रेडिओ क्लबातल्या लोकांनी ठेवलेलं. हे गृहस्थ वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त झाले, पण निरीक्षण काही सुटलं नाही. उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेला. पारड्याखाली लोहचुंबक चिकटवणारा, वजनाच्या बुडातलं शिसं कोरून काढणारा, सगळे नमुने त्यांनी रंगेहाथ पकडले होते. त्यातून त्यांचं एक मत पक्कं झालं, की माणसाच्या तोंडावर विश्वास ठेवू नये, काट्यावर ठेवावा. असल्या माणसाबरोबर संसार करणं काय असतं ते त्यांच्या बायकोला विचारा. चहात साखर किती घातली ते ती सांगायची आणि हे चमच्याकडे बघायचे.

क्लब भरायचा वाचनालयाच्या मागच्या खोलीत, महिन्यातून एकदा. मोडक्या खुर्च्या, एक फळा, खिडकीत वाळलेली कुंडी. आठ-दहा डोकी जमायची आणि ज्यानं त्यानं आपापल्या तारेचं कौतुक सांगायचं. हेच मापसाहेबांना हवं असायचं. ते पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसायचे आणि समोरचा बोलायला लागला की ह्यांचं नाक वर जायला सुरुवात.

आता गोष्ट अशी, की एका लांबीची तार मुळात एकाच बॅण्डला, म्हणजे लहरींच्या एकाच पट्ट्याला, छान बसते. सगळ्या बॅण्डवर बोलायचं तर काहीतरी युक्ती करावी लागते. औषधाच्या दुकानवाल्यानं एकाच जागेवरून सहा तारा पंख्यासारख्या फाकवल्या होत्या, बॅण्डला एक एक. मापसाहेब म्हणाले, "ही अँटेना नाही, हा कोळ्याचा संसार आहे." शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईंनी एकाच तारेत जागोजागी कॉइली घालून तिला चार बॅण्डांवर चालती केली होती. त्यांना म्हणाले, "बाई, दोरीला गाठोडी टांगलीत तुम्ही." बसच्या ड्रायव्हरनं तारेच्या एका टोकाला छोटी डबी लावली आणि दुसरं टोक झाडाला बांधलं. त्याला म्हणाले, "जनावरं बांधतात अशी." लोक हसायचे. ड्रायव्हरही हसला, पण पुढच्या महिन्यापासून तो क्लबात यायचा बंद झाला. मापसाहेबांना त्याचं काय? त्यांच्या मते एक अडाणी कमी झाला.

ह्या सगळ्यांच्या तारांत ते एकच गोष्ट बघायचे. सेटजवळ एक मीटर असतो. सेटनं वर पाठवलेली शक्ती तारेनं मुकाट घेतली तर त्याचा काटा एकवर राहतो. तारेला ती मानवली नाही की उरलेली माघारी फिरते आणि काटा चढतो. दीडवर गेला काय, दोनवर गेला काय, कुणाचं घोडं अडत नाही, सेट चालतो आणि माणूस बोलतो. हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, मापसाहेब सोडून. खरं तर त्यांनाही माहीत होतं. पण ज्या माणसानं एका रेघेचा फरक दिसला म्हणून दुकानांना टाळी ठोकली, तो आपल्या घरात दीड कसा चालवून घेणार? त्यांना एकच पाहिजे होता, आणि तोही सगळ्या बॅण्डांवर. अशी तार जगात कुणाकडे नाही, असं कुणी म्हटलं की ते डोळे बारीक करायचे. तुमच्याकडे नाही, असं त्यांचे डोळे म्हणायचे.

सगळ्यांत जास्त तिरस्कार त्यांना वाटायचा तो मेहुण्याचा. हा बायकोचा धाकटा भाऊ, घरीदारी सगळे त्याला धाकटाच म्हणायचे. गाडी शिकवायचा क्लास चालवायचा आणि समोरच्याच इमारतीत राहायचा, मधे एवढासा रस्ता. रेडिओचा परवाना त्यानं ह्यांच्याच नादानं काढला, आणि तेवढं एक पाप सोडलं तर मापसाहेबांनी आयुष्यात काही चुकीचं केलं नव्हतं, असं तेच म्हणायचे. धाकट्यानं जुन्या पंख्याच्या मोटरमधली तार उलगडली, न्हाणीघराच्या खिडकीतून बाहेर काढली आणि गच्चीवरच्या टाकीच्या नळाला अडकवून दिली. एवढंच. मापसाहेब बघायला गेले तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न केला.

"लांबी किती ठेवलीस?"

"मोजली नाही हो दाजी. संपली तिथपर्यंत आहे."

मापसाहेबांनी डोळे मिटून घेतले. बायको शेजारी उभी होती, ती तोंडाला पदर लावून हसली.

त्या चिंधीतून हा पठ्ठ्या रोज संध्याकाळी लोकांशी बोलायचा. काटा कधी तीनवर, कधी वाटेल तिथे. हा सेटची दोन बटणं फिरवायचा, काटा जरा खाली आला की "चला, झालं" म्हणायचा आणि सुरू. जहाजावरचे खलाशी, बर्फातले शास्त्रज्ञ, कुठल्या कुठल्या बेटावरचा एक न्हावी, सगळ्यांशी ह्याची दोस्ती. घरी आला की सांगत बसायचा. मापसाहेब वर्तमानपत्रामागून म्हणायचे, "नशीब म्हणतात ते हेच." नशीब हा शब्द ते असा उच्चारायचे की ऐकणाऱ्याला तो एखादा त्वचेचा रोग वाटावा.

बरं, ह्या माणसाला छंद लावला कुणी? तर मास्तरांनी. मास्तर पूर्वी जहाजावर वायरलेस ऑपरेटर होते. जमिनीवर आल्यावर त्यांनी कितीतरी पोरांना मोर्सची टकटक शिकवली, त्यात हे एक आणि क्लबातले बाकीचेही बरेचसे. तेव्हा हे काही मापसाहेब नव्हते. सायकलला कंदील बांधून मास्तरांच्या घरी जाणारा, तिथे जेवणारा, त्यांच्या मोडक्या सेटवर पहिल्यांदा कुणाचा तरी आवाज आला तेव्हा खुर्चीतून उडालेला असा एक किडकिडीत मुलगा होता. हे सांगूनही कुणाला खरं वाटत नसे.

मास्तर आता दूरच्या गावी, मुलीजवळच्या एका जुन्या घरात एकटे राहायचे. दर रविवारी सकाळी चाळीस मीटरच्या बॅण्डवर ते आपल्या सगळ्या शिष्यांची हजेरी घ्यायचे. एकेकाची कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं हवेतलं नाव, पुकारायची, त्यानं हजर म्हणायचं, हवापाणी, दुखणीखुपणी, मग पुढचा. जो बरेच दिवस आला नसेल त्याचं नाव शेवटी. अकरा वर्षं शेवटचं नाव एकच होतं. मापसाहेब जुनं घर सोडून ह्या फ्लॅटमध्ये आले त्याच्या आदल्या रविवारी त्यांनी मास्तरांना हवेतूनच सांगितलं होतं, "तार निवडतोय, आठवडाभरात लावतो." मास्तर त्या आठवड्याची वाट बघत बसले. ते दर रविवारी नाव पुकारायचे, जरा वेळ गप्प राहायचे आणि मग म्हणायचे, "बरं, पुढच्या रविवारी."

आणि हे महाशय ते ऐकायचे! ऐकायला काय, खिडकीच्या गजाला वीतभर वायर गुंडाळली तरी पुरते. सेट लावून, कानाला हेडफोन अडकवून, दर रविवारी आपलं नाव ऐकायचे आणि बसून राहायचे. बायकोनं सुरुवातीला विचारलं, "अहो, धाकट्याकडे जाऊन एकदा बोलून तरी या." त्यावर म्हणाले, "त्या चिंधीतून? मास्तर काय म्हणतील?" मास्तर काय म्हणाले असते ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

एका रविवारी मास्तरांनी हजेरी संपवून सांगितलं, की आता कान साथ देत नाहीत, पाय त्याहून देत नाहीत. मुलगी आपल्याकडे घेऊन चालली आहे. तिची जागा सातव्या मजल्यावर, गच्ची बंद, तार लावायची सोय नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी शेवटची हजेरी, मग सेट बंद. "सगळ्यांनी या," ते म्हणाले. "एकदा सगळ्यांचे आवाज हवेतून ऐकू द्या. फोनवर नको, फोनवर काय, दूधवालाही बोलतो." मग त्यांनी शेवटचं नाव पुन्हा घेतलं. "तुला तर यायलाच पाहिजे."

मापसाहेबांनी हेडफोन काढून ठेवला. संध्याकाळी बायकोला म्हणाले, "तार लावतो." ती बिचारी हातातलं काम टाकून बघत राहिली. तिला खरंच आनंद झाला होता.

गच्चीवर जागा किती, तर पाण्याच्या टाकीपासून लिफ्टच्या खोलीपर्यंत. लांबीला तोकडी, उंचीला त्याहून तोकडी. शहाणा माणूस काय करील? चाळीस मीटरवर बोलायचं आहे, तर त्या एका बॅण्डपुरती तार कापील, कोपऱ्यात वळवील, टांगून मोकळा होईल. अर्ध्या दिवसाचं काम. पण नाही! ह्यांना सगळे बॅण्ड पाहिजेत. इतकी वर्षं थांबलो ते एका बॅण्डसाठी का, असा ह्यांचा सवाल. पहिली तार लावली, चाळीसवर काटा बरोबर एकवर आला. बायकोनं टाळी वाजवली. ह्यांनी बॅण्ड बदलून वीस मीटर लावला तर काटा उड्या मारायला लागला. झालं, तार खाली. दुसरी लावली, वीसवर छान, चाळीसवर दीड. दीड! तीही खाली. शिडीवरून चढउतार करून ह्यांचे गुडघे सुजले. धाकटा रोज संध्याकाळी मदतीला यायचा, टोकं धरायचा, गाठी मारायचा, आणि प्रत्येक वेळी एकच म्हणायचा.

"दाजी, राहू द्या ना ही. चांगली आहे की. बोलून तर बघा कुणाशी."

"बोलून काय बघायचं? काटा दिसतोय ना?"

"काटा दिसतो हो. पण ऐकणाऱ्याला तुम्ही ऐकू येता का, ते काट्याला काय माहीत?"

"तू टोक धर," मापसाहेब म्हणाले.

महिना संपत आला तेव्हा त्यांना तोडगा सापडला. तोडगा कसला, सोंग! तारेच्या मुळाशी एक पत्र्याचा डबा बसवायचा आणि त्यात मोठे रेझिस्टर भरायचे. तारेला न मानवलेली शक्ती माघारी यायच्या आत हे रेझिस्टर खाऊन टाकतात. ती परत येतच नाही, म्हणजे काटा चढायचं कारणच नाही. मापसाहेबांनी एक घातला, काटा थोडा खाली आला. आणखी घातले, आणखी खाली. असे भरत गेले, भरत गेले, आणि एका सकाळी सगळ्या बॅण्डांवर काटा एकवर येऊन चिकटला. हलेना.

आता हे काय आहे हे त्यांना कळत नव्हतं का? क्लबात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात, की काटा एकवर आणायला तार लागतच नाही, सेटला नुसता रेझिस्टर जोडा, काटा एकवर. फक्त तुमचा आवाज खोलीबाहेर जाणार नाही, त्याची आपली ऊब होईल. हे खुद्द मापसाहेबांनी कित्येकांना ऐकवलं होतं. पारड्याखाली चुंबक चिकटवणाऱ्या दुकानदाराला आणि ह्यांना एकाच गाडीत बसवायला हरकत नव्हती. फरक एवढाच, की दुकानदार गिऱ्हाइकाला फसवत होता. त्याला निदान फायदा तरी होत होता.

इमारतीत एक मांजर होतं. थंडीचे दिवस. मापसाहेब खाली सेटचं बटण दाबून बॅण्डमागून बॅण्ड तपासत बसले, की ते मांजर गच्चीवर येऊन नेमकं त्या पत्र्याच्या डब्यावर बसायचं. कपडे वाळत घालायला गेलेल्या बायकोनं ते दोनतीनदा पाहिलं.

"अहो, ते मांजर तुमच्या डब्यावरून उठतच नाही. डबा चांगला ऊन लागतो हाताला."

"मांजरांना सवय असते," मापसाहेब म्हणाले.

तिनं धाकट्याला सांगितलं. धाकटा वर गेला, डब्याला हात लावला आणि धावत खाली आला. "दाजी, सगळं ह्या डब्यातच मुरतंय. वर काही जात नाही. रविवार परवावर आलाय, तो डबा काढा आणि ती पहिली तार लावू, तासाभरात होईल. नाहीतर सरळ माझ्याकडे या." तो अगदी गयावया करत होता. त्याचं मास्तरांशी नातं असं काही नव्हतं, मागून आलेला शिष्य, पण दर रविवारी ते शेवटचं नाव तोही ऐकत आला होता.

मापसाहेबांनी त्याला मीटरसमोर उभा केला. बॅण्ड बदलत गेले. ऐंशी, चाळीस, वीस, पंधरा, दहा. काटा एकवर, एकवर, एकवर.

"ह्यात दोष दाखव."

"दोष नाही हो दिसत."

"मग?"

"म्हणूनच भीती वाटते," धाकटा म्हणाला.

मापसाहेब हसले. असं हसले, जणू म्हणत होते, गाडी शिकवणाऱ्यानं गाडी शिकवावी. धाकटा चपला घालून निघून गेला. शिवाय नव्या तारेवर ऐकू किती स्वच्छ येत होतं! पूर्वीची खरखर नाही, कचकच नाही, सगळं शांत. डबा जसा पाठवलेलं खात होता तसाच येणारी खरखरही खात होता. पण मापसाहेबांना ती शांतता म्हणजे आपल्या कामाची पावती वाटली. कुणाला हाक मारून मी कसा ऐकू येतो असं विचारावं, एवढं साधं सुचलं नाही. सुचलं असेल तर विचारायची लाज वाटली. माणसाच्या कानाला काय माप असतं?

रविवार उजाडला. मापसाहेबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. बायकोनं त्यांच्या टेबलावर चहा ठेवला आणि स्टूल ओढून शेजारी बसली. हेडफोन काढून त्यांनी स्पीकर लावला होता, तिलाही ऐकू यावं म्हणून. हातात माइक होता, तो त्यांनी शर्टाच्या टोकानं दोनदा पुसला. काही झालं तरी तो एके काळचा किडकिडीत मुलगा होताच आत कुठेतरी, त्याची कीव करायची तर इथेच करावी.

मास्तरांचा आवाज आला. म्हातारा, घोगरा, पण लख्ख. एकेकाचं नाव, एकेकाचा निरोप. कुणी गहिवरला, कुणी जुनी थट्टा केली. औषधवाला हजर, चित्रकलेच्या बाई हजर. क्लब सोडून गेलेला तो बसचा ड्रायव्हरही आपल्या जनावर बांधायच्या तारेवरून ठणठणीत हजर. धाकट्याची पाळी झाली. मग मास्तर जरा थांबले आणि त्यांनी शेवटचं नाव घेतलं.

मापसाहेबांनी बटण दाबलं. काटा एकवर. "मास्तर, मी आलोय. मी हजर आहे मास्तर. ओव्हर."

स्पीकर शांत. मग मास्तर म्हणाले, "नाही वाटतं आला." पुन्हा नाव घेतलं. पुन्हा मापसाहेबांनी बटण दाबलं, मोठ्यानं बोलले, ओरडले म्हणा ना. काटा एकवरून रेघभर ढळला नाही. मास्तर सवयीनं "बरं, पुढच्या" इथपर्यंत बोलले आणि गप्प झाले. थोड्या वेळानं म्हणाले, "कुणाला आणखी काही बोलायचं असेल तर बोलून घ्या. शेवटी परत एकदा त्याचं नाव घेतो, मग बंद करतो."

बायको उठून उभी राहिली. "चला धाकट्याकडे. रस्ता तर ओलांडायचाय. चला, उठा."

"काटा एकवर आहे."

"आग लागो त्या काट्याला! त्या म्हाताऱ्याला ऐकू येत नाहीये तुमचं!"

"मग दोष त्यांच्या बाजूला आहे. त्यांची केबल जुनी झाली असणार, पाणी शिरलं असेल. माझ्याकडे सगळं बरोबर आहे, बघ, हे बघ ना." आणि त्यांनी बटण दाबून तिला काटा दाखवला. खरंच दाखवला. तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, पूर्वी ते दुकानदारांकडे पाहायचे तसं. मग चपला पायात सरकवून ती बाहेर पडली. दार तिनं उघडंच टाकलं.

मापसाहेब एकटे बसले. दोघातिघांचं बोलणं झालं. मग मास्तरांनी तिसऱ्यांदा नाव घेतलं, आता अगदी हळू, जणू झोपलेल्याला उठवावं की नको असं. मापसाहेब बोलले. काय बोलले ते मास्तरांपर्यंत पोचलं नाही. पण समोरच्या इमारतीत, रस्त्याच्या एवढ्याशा अंतरावर, डब्यातून गळून उरलेलं जे काही होतं ते पोचलं. मधेच धाकट्याचा आवाज आला.

"मास्तर, थांबा, बंद करू नका. दाजी मला ऐकू येतायत. पुसट आहेत, पण आहेत. मी निरोप पोचवतो. दाजी, मास्तरांना काय सांगू? ओव्हर."

हा रेडिओवाल्यांचा रिवाजच आहे. एकाला दुसऱ्याचं ऐकू येत नसेल तर तिसऱ्यानं मधे बसून शब्दाला शब्द पोचवायचा, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. मापसाहेबांनी बटण दाबलं. अकरा वर्षं जे बोलायचं होतं ते बोलायची वेळ आली होती, पलीकडे म्हातारा कानामागे हात धरून थांबला होता, आणि ह्यांच्या तोंडून काय निघालं?

"त्यांना सांग, माझ्याकडे सगळ्या बॅण्डांवर काटा एकवर आहे. माझ्या तारेत दोष नाही. त्यांनी आपली केबल तपासून घ्यावी. ओव्हर."

धाकट्याकडून लगेच काही आलं नाही. मास्तरांनी दोनदा विचारलं, "काय म्हणतोय? काय म्हणतोय तो?" तरी काही नाही. मग एकदाचा धाकट्याचा आवाज आला, जरा चिरका.

"मास्तर, ते म्हणतायत, हजर. म्हणतायत, फार उशीर केला, माफ करा. तुमची फार आठवण येते म्हणतायत. ओव्हर."

मग मास्तर म्हणाले, "हजर म्हणाला?" नाक ओढल्याचा आवाज झाला. "त्याला सांग, लावली हजेरी. उशिराचं काही नाही. आणि तार कुठली लावली रे शेवटी? ओव्हर."

"माझ्यासारखीच, मास्तर. होती ती लावली."

मास्तर हसले. हसता हसता खोकले. "शहाणा झाला म्हणायचा," ते म्हणाले, सगळ्यांना निरोप दिला, आणि त्यांचा सेट बंद झाला.

मापसाहेबांचा अंगठा बटणावर होता. दाबलं असतं तर धाकट्याला ऐकू गेलं असतं, त्याला तिथल्या तिथे खोटं पाडता आलं असतं. आयुष्यभर खोट्या मापाला त्यांनी क्षणाची सवलत दिली नव्हती. त्यांनी बटण दाबलं नाही. चहावर साय धरली होती. ती बोटानं बाजूला करून त्यांनी तो गार चहा पिऊन टाकला.

बायको परत आली तेव्हा ते तिथेच बसले होते. तिचे डोळे लाल होते. ती कप उचलायला लागली.

"खोटं सांगितलं त्यानं मास्तरांना," मापसाहेब म्हणाले. "मी तसं बोललोच नव्हतो. निरोप जसाच्या तसा द्यायचा असतो. एवढंही कळत नाही त्याला."

"कळतं," बायको म्हणाली. "तो तुमचंच वाक्य सांगायला निघाला होता. मी त्याचा हात धरला."